धूळ मोजायला शिकवणाऱ्या सरांना

आदरणीय सर,

साष्टांग नमस्कार.

संलयन अणुभट्टीतली, म्हणजे हलके अणू जोडून ऊर्जा मिळवणाऱ्या यंत्रातली, धूळ कशी मोजायची यावरचा एमएस्सीचा माझा सेमिनार मनासारखा झाला. त्यात तुमचा वाटा किती आहे, हे नागपुरातल्या भौतिकशास्त्राच्या मुलांना कळावं म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे. निवृत्त झाल्यावरही भर मे महिन्यात, धरमपेठेतल्या घरी, कूलरच्या घरघरीवर आवाज चढवून तुम्ही मला शिकवलंत.

विषय ऐकून बरेच जण विचारत, अशा अणुभट्टीत निर्वात असतो, मग धूळ कुठली? आतला प्लाझ्मा, म्हणजे अतितप्त विद्युतभारित वायूच, भिंत झिजवतो. थर सोलून निघतात, वितळलेल्या धातूचे थेंब उडतात, त्यांचे बारीक कण होतात. इंग्लंडमधल्या जेट या संलयन यंत्रात २०११ पासून बेरिलियम आणि टंगस्टन या धातूंच्या भिंती होत्या. बेरिलियमची धूळ श्वासातून गेली तर फुप्फुसांचा जुनाट आजार जडू शकतो. भारत ज्यात भागीदार आहे त्या फ्रान्समधल्या ईटर या आंतरराष्ट्रीय संलयन प्रकल्पानं आतल्या भिंतीसाठी बेरिलियमऐवजी टंगस्टन घ्यायचं ठरवलं, तरी धूळ राहणारच. तिच्यात ट्रिटियम, म्हणजे हायड्रोजनचं किरणोत्सारी रूप, अडकतं, आणि तापलेल्या धुळीवर पाण्याची वाफ आली तर हायड्रोजन तयार होतो. म्हणजे स्फोटाची भीती.

मी लेझरच्या पद्धतीवर थांबणार होते. लेझरचा झटका बसला की कणांचा क्षणभर प्लाझ्मा होतो आणि त्याच्या प्रकाशाच्या वर्णपटात त्या धातूची ठरावीक तरंगलांबीची रेघ दिसते: बेरिलियमची ३१३ नॅनोमीटरजवळ, टंगस्टनची ४०१ च्या आसपास. तुम्ही ऐकून घेतलंत आणि विचारलंत, "धातू ओळखलास. पण धूळ किती आहे, कुठे बसली आहे, आणि ती जागा किती तापते?"

सगळा सेमिनार मग या तीन प्रश्नांवर उभा राहिला. रद्दी कागदावर तुम्ही विद्युतदाब दिलेल्या तारांची जाळी काढलीत: धातूचा कण पडला की दोन तारा जोडल्या जातात, प्रवाहाचा ठोका मिळतो, ठोके मोजायचे. जाळी मात्र आपल्यावर पडलेलंच मोजते. धूळ कुठे बसली आणि ती जागा किती तापते, हे वेगळं पाहावं लागतं. ईटरच्या सुरक्षेच्या हिशेबात तापलेल्या पृष्ठभागावरची धूळ वेगळी धरतात, कारण वाफेशी हायड्रोजन तिथे तयार होतो. हे मला कुठल्याही पुस्तकानं इतकं नेमकं सांगितलं नव्हतं. परीक्षकांनीही नेमकं तेच विचारलं, आणि मला उत्तर देता आलं.

आता गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत अर्ज करते आहे. अणुभट्टीच्या भिंतीवरच्या टाइल्सच्या फटींत साचलेली धूळ कशी मोजायची, यावर अजून बोलायचं आहे. रविवारी सकाळी येऊ का?

तुमची विद्यार्थिनी