‘तो काही करत नाही हो!’

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या कालच्या रविवार पुरवणीत कुत्र्याला घेऊन शेतावर एक दिवस घालवण्याविषयी जो सचित्र लेख आला आहे, तो मी दुपारी एकदा वाचला आणि रात्री धारा काढून झाल्यावर पुन्हा एकदा वाचला. पहिल्यांदा हसू आले. दुसऱ्यांदा आले नाही. लेखिकेची भाषा प्रसन्न आहे आणि त्यांचे कुत्र्यावरचे प्रेमही खरे असावे, त्याविषयी माझे काही म्हणणे नाही. परंतु पाण्याची बाटली, घडीचे वाडगे, टॉवेल, इतकेच काय पण तापलेल्या जमिनीवर पाय पोळू नयेत म्हणून चार मोजे, एवढी बारीक यादी देणाऱ्या त्या पानभर लेखात ‘साखळी’ हा शब्द एकदाही येऊ नये आणि ज्या जनावरांच्या घरी हा पाहुणा जाणार, त्यांचा उल्लेख केवळ छायाचित्राची पार्श्वभूमी म्हणून यावा, याचे नवल वाटले. ‘त्याला मनसोक्त मोकळे धावू द्या’ हा सल्ला मात्र चौकटीत आणि ठळक अक्षरांत आहे.

मी गाई-मेंढ्या पाळतो. माझ्याकडे कुत्राही आहे, तेव्हा कोणा श्वानद्वेष्ट्याचे पत्र म्हणून हे बाजूला ठेवू नये, ही विनंती.

काही महिन्यांपूर्वी ओळखीच्यांच्या ओळखीचे एक कुटुंब आमचे शेत पाहायला आले आणि त्यांच्याबरोबर त्यांचा कुत्रा आला. सोनेरी केसांचा, देखणा, आणि स्वभावाने इतका गरीब की आमचे मांजर त्याच्यावर फिस्कारले तेव्हा तोच दोन पावले मागे सरला. मी फाटकाशीच सांगितले की कृपा करून साखळी सोडू नका. त्यावर जे उत्तर मिळाले ते या पत्राच्या डोक्यावर लिहिले आहे. माझी पाठ वळताच साखळी सुटली.

गोठ्यात चारच दिवसांपूर्वी व्यायलेली गाय होती आणि तिचे वासरू तिच्यापासून हातभर अंतरावर बांधलेले होते. कुत्रा शेपटी हलवत, नाक पुढे काढून, खेळायच्याच इराद्याने वासराकडे गेला. त्याचा इरादा मला कळत होता, त्याच्या मालकांना कळत होता. गाईला तो कळण्याचे काही कारण नव्हते. वासरावर नजर लावून चार पायांवर दबकत येणारा प्राणी मोजे घातलेला आहे की नाही, हे ती पाहत बसत नाही. तिने मान खाली घातली, नाकातून एक फुंकर सोडली आणि एका हिसक्यात दावे तोडले. कुत्रा पळाला असता आणि सुटलाही असता, पण मालकांनी मायेपोटी धावत जाऊन त्या धुडाला कवेत घेतले, आणि त्यामुळे गाईच्या हिशेबी दोन शत्रूंचा एकच शत्रू झाला. मी ओरडत होतो, ‘सोडा त्याला, आधी सोडा!’ एरवी साखळी सोडू नये, पण गाय अंगावर आलीच तर ती तत्काळ सोडून द्यावी, म्हणजे कुत्रा आपली वाट काढतो आणि माणूस वाचतो, असा सल्ला ब्रिटनमध्ये रानावनातून फिरणाऱ्यांना अधिकृतपणे दिला जातो. आमच्या वडिलांना तो न वाचताच ठाऊक होता. गृहस्थ मागच्या मागे शेणाच्या ढिगात पडले म्हणून बचावले. गाय वासराकडे वळली, वळताना ओल्या फरशीवर घसरली, आणि उठता उठता तिच्याच मागच्या खुराखाली तिचा एक सड चिरडला गेला.

त्या संध्याकाळी तिने पान्हा चोरला. ज्यांनी कधी धार काढलेली नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की जनावर भेदरले की त्याच्या अंगात अॅड्रेनॅलिन उसळते, आणि पान्हा सोडवणारे ऑक्सिटोसिन त्यापुढे निष्प्रभ ठरते. दूध कासेत असते, पण उतरत नाही. वासरू लावून पाहिले, कोमट पाण्याने कास शेकली, पाठीवर हात फिरवत अर्धा तास बसलो. बादलीचा तळ जेमतेम झाकला. पुढे चिरडलेल्या सडाला दगडी, म्हणजे कासेचा दाह, झाली, औषधे झाली, आणि आज ती गाय तीन सडांवर दूध देते आहे. ‘तो काही करत नाही’ हे वाक्य शब्दशः खरे होते, हे मी आजही मान्य करतो. त्याने काहीच केले नाही. ब्रिटनच्या १९५३ सालच्या पशुधनरक्षण कायद्यात मात्र कुत्र्याने जनावरांना उपद्रव देणे म्हणजे नुसते चावणे असे मानलेले नाही. ज्या पाठलागाने जनावर जखमी होणे, गाभडणे (गर्भ पडणे) किंवा त्याचे उत्पन्न घटणे संभवते, तो पाठलागही त्या व्याख्येत बसतो, आणि पुढील दुरुस्तीनंतर तर मेंढ्यांच्या आवारात कुत्रा नुसता मोकळा असणेही त्यात आले. कायदा लिहिणाऱ्यांपैकी कोणीतरी कधीतरी धार काढली असावी.

तथापि, महोदय, खरे सांगायचे तर फाटलेल्या सडापेक्षा मला दुसरीच गोष्ट अधिक सलते. या सगळ्या धांदलीत बिचारा कुत्राही घाबरला होता आणि त्याने वैरणीच्या गंजीपाशी जाऊन विधी उरकला. त्याचा दोष नाही. मी गाईला नवे दावे लावत होतो आणि गोठ्याच्या दारातून मला गंजी दिसत होती. त्या पाहुण्या कुटुंबातल्या बाईंनी इकडे पाहिले, तिकडे पाहिले, आणि बुटाच्या टोकाने गंजीतली पेंढीभर वैरण ओढून त्यावर सारली. चार पावले गेल्यावर मागे वळून नीट झाकले गेले आहे ना, याचीही खात्री करून घेतली. आपल्या लेखात ‘मालक’ हा शब्द टाळून ‘पेट पेरेंट’ असे म्हटले आहे. माझी हरकत नाही. पण पोटच्या पोराने दुसऱ्याच्या घरात घाण केली, तर आईबाप त्यावर यजमानांचीच चादर ओढून निघून जातात काय? ती वैरण हे माझ्या जनावरांचे ताट आहे. खिशातून पिशवी काढून ती घाण उचलायला अर्धा मिनिट लागला असता, आणि गंमत म्हणजे पिशव्यांचे गुंडाळे साखळीच्या मुठीलाच अडकवलेले होते, रंगीत, हाडाच्या आकाराच्या डबीत.

हा केवळ किळसेचा प्रश्न असता तर मी पत्र लिहिले नसते. निओस्पोरा कॅनिनम नावाचा एक सूक्ष्म परजीवी आहे. १९८४ साली नॉर्वेतील कुत्र्यांमध्ये तो प्रथम दिसला, १९८८ साली त्याला हे नाव मिळाले, आणि त्याचे बीजकण कुत्र्याच्या विष्ठेतून बाहेर पडतात हे १९९८ साली सिद्ध झाले. ते वैरणीतून किंवा पाण्यातून गाईच्या पोटात गेले की गाभण गाय, बहुधा पाचव्या-सहाव्या महिन्यात, गाभडू शकते. गाभडली नाही तरी होणारे वासरू अनेकदा पोटातूनच तो संसर्ग घेऊन येते, आणि ती कालवड निघाली तर पुढे आपल्या वासराला देते. म्हणजे पाहुणे एका दुपारचे आणि त्यांची आठवण पिढ्यान्‌पिढ्यांची. गाईला त्यातून बरे करणारे खात्रीचे औषध नाही. कुत्रा मात्र बहुतेक वेळा वरून ठणठणीत दिसतो. हे पाप पाहुण्या कुत्र्यांचेच आहे असेही नाही; गोठ्यातल्या कुत्र्याने व्याल्यावर पडलेली वार (गर्भाची झार) किंवा गाभडलेले वासरू खाल्ले तर तोही हा रोग फिरवतो, म्हणून आमच्याकडे गाय व्याली की वार पडेपर्यंत कुत्रा बांधलेला असतो आणि वार खोल पुरली जाते. त्या सोनेरी कुत्र्याला हा रोग होता असा माझा आरोप नाही, आणि माझी एकही गाय त्या भेटीमुळे गाभडलेली नाही. परंतु मी गंजीची ती अख्खी बाजू उपसून फेकून दिली, कारण झाकलेले कुठवर पसरले आहे हे मला कळायला मार्ग नव्हता.

लेखात लसीकरणाचा दाखला जवळ ठेवण्याची सूचना आहे आणि ती योग्यच आहे, परंतु रेबीजच्या लशीने पोटातले जंत मरत नाहीत. कुत्र्याच्या आतड्यात राहणारा, अवघा काही मिलिमीटर लांबीचा एक पट्टकृमी मेंढ्यांच्या, गाईंच्या आणि माणसांच्याही यकृतात व फुप्फुसात पाण्याने भरलेल्या गाठी निर्माण करतो. कुत्र्याला वेळेवर प्राझिक्वांटेल हे जंतनाशक दिले की हा कृमी मरतो. ‘निघण्यापूर्वी जंताचे औषध दिले आहे ना?’ एवढी एक ओळ मोज्यांच्या ओळीच्या जागी सहज मावली असती.

जनावरांचे जाऊ द्या, लाडक्या कुत्र्याच्या जिवाची तरी काळजी घ्यावी. धान्याच्या कोठीमागे उंदरांचे जे औषध अनेकदा ठेवलेले असते, त्याने रक्त गोठण्याची क्रिया बंद पडते आणि लक्षणे काही दिवसांनी, म्हणजे सहल विसरल्यावर, दिसू लागतात. जनावरांना जंतांसाठी दिले जाणारे आयव्हरमेक्टिन सांडलेले असेल किंवा नुकतेच औषध दिलेल्या जनावराचे शेण कुत्र्याने चघळले, तर कॉली जातीच्या आणि तिच्या जवळच्या काही जातींच्या कुत्र्यांच्या ते थेट मेंदूत भिनू शकते. मनसोक्त मोकळे धावणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात काय गेले, हे कोणाला दिसणार?

ओघात आणखी एक. मुखपृष्ठावरील छायाचित्राखाली ‘गाईच्या पिल्लासोबत धमाल’ असे छापले आहे. गाईला पिल्लू होत नाही, महोदय, वासरू होते. म्हशीला रेडकू होते, शेळीला करडू, मेंढीला कोकरू आणि घोडीला शिंगरू. एवढे शब्द भाषेने आपल्यासाठी तयार ठेवलेले असताना मराठी वृत्तपत्राने सगळ्यांना एकाच ‘पिल्लात’ कोंबावे, हे बरे दिसत नाही. शिवाय छायाचित्रातील ते ‘पिल्लू’ कान मागे टाकून, डोळ्यांचे पांढरे दाखवत दोरीच्या टोकापर्यंत मागे ताणलेले आहे. धमाल नेमकी कोणाची चालली होती, हे छायाचित्रकाराने पाहिले असते तर बरे झाले असते.

शेत पाहायला यावे, कुत्र्यालाही आणावे. आधी विचारून आणावे, आणि नुकत्याच व्यायलेल्या व गाभण जनावरांपासून, खुराड्यांपासून आणि वैरणीपासून त्याला आखूड साखळीवर दूर धरावे. चकतीतून हवी तेवढी लांब सुटणारी ती दोरी नको, कारण ती मेंढीच्या पायात गुंतली की दोघांचेही हाल होतात. ज्या चौकटीत कुत्र्याला मोकळे सोडण्याचा सल्ला छापला होता, त्याच चौकटीत आणि तेवढ्याच ठळक अक्षरांत, येत्या रविवारी ही दुरुस्ती छापावी, अशी विनंती आहे.

पत्राखाली माझे नाव-गाव मात्र छापू नये. काल लेख आल्यापासून शेत पाहायला येण्याविषयी दोन दूरध्वनी आले, आणि दोघांनीही पहिला प्रश्न हाच विचारला की आमच्या कुत्र्याला मोकळे सोडता येईल ना, तसा तो काही करत नाही.

आपला,
एक गोठेवाला वाचक