रोस्तोवचा खुनी आणि ‘एकटा डिटेक्टिव्ह’: पुरवणीतल्या लेखाबद्दल

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत रशियातल्या रोस्तोव भागात वर्षानुवर्षं बायका-मुलांचे खून करणाऱ्या आंद्रेई चिकातिलोवर पानभर लेख आला होता तो वाचला. रंगवून लिहिलाय, नाही म्हणत नाही, आमच्याकडे तर पेपर या खोलीतून त्या खोलीत फिरत होता. पण लेखाचा सगळा सूर असा, की व्हिक्टर बुराकोव नावाच्या एका जिद्दी डिटेक्टिव्हनं एकट्याच्या जिवावर खुनी शोधून काढला, आणि तिथंच माझं गाडं अडलं म्हणून हे पत्र. बुराकोव जिद्दी होताच. पण त्याला एका खुन्याशीच लढायचं असतं तर केस कितीतरी आधी मिटली असती हो, त्याला अडवणारी माणसं त्याच्याच डिपार्टमेंटात आणि त्याच्या वर बसलेली होती आणि त्यांना तुमच्या लेखात जेमतेम दोन ओळी मिळाल्यात.

पहिला खून घ्या ना. डिसेंबर 1978, शाख्ती नावाचं कोळसा खाणींचं गाव, नऊ वर्षांची मुलगी. तिच्याशी बसस्टॉपवर बोलणारा माणूस एका बाईनं बघितला होता, वर्णन दिलं होतं, त्यावरून चित्रसुद्धा काढलेलं. पण पोलिसांना जवळच राहणारा अलेक्सांद्र क्रावचेंको सापडला, त्याच्यावर आधीचा तसलाच गुन्हा होता, मग काय, त्याच्याकडून कबुली वदवून घेतली आणि फाइल बंद. 1983 च्या जुलैत त्याला गोळी घातली. लेखात या माणसाचं नाव नाही! चिकातिलोनं पुढे पकडल्यावर हा पहिला खून आपणच केला म्हणून सांगितलं. म्हणजे क्रावचेंकोला मारलं तेव्हा खरा माणूस बाहेर फिरत होता आणि पुढचे खून करत होता, आणि ज्या वर्षी हा मेला त्याच वर्षी पोलिसांतले वरिष्ठ मेजर फेतिसोव यांनी बुराकोवच्या हातात तपास दिला. अशा ठिकाणाहून बुराकोवची सुरुवात होती.

त्यात तिथल्या सत्ताधारी कम्युनिस्ट पार्टीची लाइन अशी की सीरियल किलर हे भांडवलशाही देशांचं दुखणं, समाजवादी समाजात असं काही होत नसतं. होत नसेल तर पेपरात छापायचं कसं? म्हणून वर्षानुवर्षं काही छापलंच नाही. मुलं गायब होताहेत, रेल्वेच्या कडेच्या झाडीत प्रेतं सापडताहेत आणि आईबापांना कुणी सांगत नाही की बाबांनो स्टेशनवर, बसस्टँडवर पोरांना एकटं सोडू नका, कुणी च्युइंगगम देतो, गोड बोलून चल म्हणाला तर जाऊ नका. बातमी नाही म्हटल्यावर अफवा आल्या, कुणी म्हणे माणसाचा लांडगा होतो, कुणी म्हणे परदेशी कारस्थान आहे.

मी पुण्यात वाढलो. जोशी-अभ्यंकर खून झाले ते 1976 च्या शेवटाला, म्हणजे ऐन आणीबाणीत, पेपरांवर सेन्सॉर होता तरी या खुनांच्या बातम्या छापून येत होत्या आणि दिवेलागणीनंतर लोक दार उघडत नव्हते, कोण म्हणून आतूनच विचारायचे. भीती होती, पण निदान कशाची ते माहीत होतं. रोस्तोवच्या आयांना तेवढंही नाही मिळालं. ही तुलना लेखकाला सुचायला हवी होती, तुमचे निम्मे वाचक तर पुण्याचे आहेत.

आता 1984 चा सप्टेंबर. ही गोष्ट लेखात आहे पण इतकी घाईत उरकलीय की तिचा अर्थच निघून गेला. रोस्तोवच्या बसस्टँडवर साध्या कपड्यातला इन्स्पेक्टर झानोसोव्स्की एका मध्यमवयीन चष्मेवाल्याच्या मागे लागला, रात्रभर, या बसमधून त्या बसमध्ये, हा माणूस कुठेच जात नाही, नुसता बायका-मुलींशी सलगी करत फिरतोय. पहाटे धरला. बॅग उघडली तर सुरी, दोरी, व्हॅसलिन. हाच चिकातिलो! हातात होता!! मग ब्लड ग्रुप बघितला तो निघाला ए, आणि प्रेतांवर मिळालेल्या वीर्याचा ग्रुप होता एबी, झालं, हा आपला माणूस नव्हे. लॅबचा रिपोर्ट म्हणजे शेवटचा शब्द, त्याला उलटा प्रश्न करायची पद्धतच नाही, पुन्हा टेस्ट करा असं कोण म्हणणार. चार वर्षांनी 1988 मध्ये वरून कळवण्यात आलं की रक्त आणि वीर्य यांचे ग्रुप क्वचित वेगळे निघू शकतात, तेव्हा नुसतं रक्त बघू नका (मुळात ती लॅबचीच चूक होती असं आज बरेच जण मानतात). 1984 लाच कामावरच्या चोरीच्या किरकोळ केसमध्ये चिकातिलोला एक वर्षाची सजा झाली, तीन महिन्यांत डिसेंबरात बाहेर. पार्टीनं तेवढ्यात त्याला मेंबरशिपवरून काढलं, ते मात्र तत्परतेनं. त्यानंतर त्यानं आणखी वीसेक जीव घेतले.

आणि या सगळ्या वर्षांत पोलीस काय करत होते ते वाचलं की डोकं फिरतं. मतिमंद मुलांच्या संस्थेतली पोरं उचलली, त्यांना दमात घेतलं आणि त्यांनी खून कबूल केले, ती पोरं आत असतानाच बाहेर नवीन प्रेत सापडतंय तरी वरचे म्हणतात तपास बरोबर चाललाय. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की मुलगेही मारले गेलेत म्हणजे खुनी समलैंगिक असणार, तिथं तेव्हा तो कायद्यानं गुन्हाच होता, कलम 121, पाच वर्षांपर्यंत शिक्षा. मग काय, याद्या काढून माणसं ओढून आणली, खुनाशी काडीचा संबंध नसलेली कितीतरी माणसं उघडी पडली, तुरुंगात गेली, काहींनी जीव दिला. बुराकोवला स्वतःला त्या पोरांच्या कबुल्या पटत नव्हत्या, पण त्याला न पटून उपयोग काय. शेवटी तो इतका खचला की हॉस्पिटलात ठेवावं लागलं. लेखकानं याला ‘कामाचा ताण’ म्हटलंय. असो.

बुराकोवनं एक गोष्ट मात्र तिथल्या चालीबाहेरची केली आणि तिच्यासाठी त्याला मी शंभर मार्क देईन. तो अलेक्सांद्र बुखानोव्स्की या मानसोपचारतज्ज्ञाकडे गेला. बाकीचे डॉक्टर एवढ्याशा माहितीवर काही सांगता येणार नाही म्हणून बाजूला झाले, यानं खुन्याच्या मनाचा अंदाज बांधणारा 65 पानांचा रिपोर्ट लिहून दिला. पोलीस खात्यानं पुरावा म्हणून मनाचं वर्णन वाचायचं ही कल्पनाच तिथं कुणाच्या गळी उतरण्यासारखी नव्हती.

खुनी सापडला तो कसा तेही नीट सांगायला हवं, कारण त्यात कसलाही चमत्कार नाही. ऑक्टोबर 1990 मध्ये बुराकोवनं प्लॅन केला की मोठ्या स्टेशनांवर भरपूर युनिफॉर्मवाले उभे करायचे, म्हणजे खुनी तिथं फिरकणार नाही, आणि किर्पिच्नाया, दोनलेसखोझ, लेसोस्तेप अशा बारक्या स्टेशनांवर साध्या कपड्यातले ठेवायचे. एकूण 360 माणसं लावली. 6 नोव्हेंबरला दोनलेसखोझला सार्जंट रिबाकोवला झाडीतून येणारा एक माणूस दिसला, नळावर हात-बूट धुतोय, गालावर लाल डाग. कागदपत्रं बघितली, नाव लिहून घेतलं आणि सोडला, कारण अटक करायला काही कारण नव्हतं. आठवड्यानं त्या झाडीत प्रेत सापडलं तेव्हा तो कागद वर आला आणि बुराकोवला नाव ओळखीचं वाटलं, हा तर 84 वाला. त्याच्या नोकरीच्या फिरतीच्या तारखा लावून बघितल्या, जुळल्या. 20 नोव्हेंबरला अटक.

म्हणजे रिबाकोवनं तो कागद लिहिला नसता तर? आणि चौकशीत इस्सा कोस्तोयेव या मॉस्कोहून आलेल्या मोठ्या अधिकाऱ्यानं नऊ दिवस घालवले तरी चिकातिलो काही कबूल करेना, शेवटी बुखानोव्स्कीला बोलावलं, त्यानं आपला तोच रिपोर्ट त्याच्यासमोर बसून वाचून दाखवला आणि दोन तासांत माणूस ढेपाळला. तरीही पुढे श्रेय कुणाचं यावरून खेचाखेच झालीच, त्यातलं बरंचसं कोस्तोयेवच्या पदरात पडलं. तुम्ही सगळं बुराकोवला देऊन मोकळे झालात, ते त्या मानानं कमी अन्यायाचं एवढंच.

माझं म्हणणं इतकंच, की लेखाचा दुसरा भाग येणार असेल (खाली ‘क्रमशः’ असल्यासारखं काहीतरी दिसलं) तर त्यात क्रावचेंको, ती संस्थेतली पोरं आणि 1984 चा तो लॅबचा रिपोर्ट यांना जागा द्या, खुनाची वर्णनं थोडी कमी केली तरी चालेल, ती पहिल्या भागात पोटभर झालीत.

जाता जाता, फोटोखालची ओळ चुकलीय. 1992 च्या खटल्यात चिकातिलोला कोर्टात लोखंडी पिंजऱ्यात उभा केला होता तो ‘तो हिंस्र असल्यामुळे’ नव्हे. मेलेल्या मुलांचे आईबाप समोर बसलेले असायचे, त्यांनी त्याला तिथंच फाडू नये म्हणून पिंजरा केला होता. पुढच्या अंकात दुरुस्ती छापली तर बरं होईल.

आपला,
एक जुना वाचक, पुणे