दादा, यंदाची संक्रांत पुण्यात

पुणे, २ डिसेंबर

तीर्थस्वरूप आई-दादांना साष्टांग नमस्कार.

आई, हे पत्र तू मोठ्याने वाच. चिंगीचं स्केचपेन घेऊन अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, तरी दादांना ते लागणार नाही हे मला ठाऊक आहे. पत्राचा विषयही तोच आहे. फोनवर तीनदा सुरुवात केली, तीनही वेळा दादा "बरं बरं, थांब, आईला देतो" म्हणून मोकळे झाले. आता वाचणारीच आई आहे, तेव्हा फोन द्यायचा कुणाला?

दादा, ६ जानेवारीची तारीख घेतली आहे. उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनची. म्हणजे यंदा भोगी, संक्रांत आणि कर, तिन्ही दिवस तुम्ही दोघं पुण्यात. सांगून टाकलं एकदाचं.

रागवा, पण आधी ऐका. भाऊबिजेला आत्याकडे आलात तेव्हा डोळे तपासले, त्यालाही आता महिना उलटून गेला. मोतीबिंदू पिकलाय, थांबण्यात अर्थ नाही, असं डॉक्टरबाईंनी तुमच्यासमोर सांगितलं होतं. तुम्ही मान डोलावलीत आणि घरी येऊन म्हणालात, संक्रांत होऊ द्या. संक्रांत झाली की ऊन सुरू होतं. उन्हात नको. पावसाळ्यात डोळा चिघळतो. मग श्रावण, मग गणपती, मग कोटमगावची यात्रा, मग दिवाळी, मग चंपाषष्ठी, आणि पुन्हा संक्रांत. तीन वर्षं हा रहाट फिरतोय. कुठेतरी खीळ घालायलाच हवी होती. जिथे तुम्ही सगळ्यात जास्त हटून बसणार तिथेच घातली, म्हणजे पुढे वाद उरत नाही. बाईंना मी विचारलं, हिवाळाच बरा ना? त्या हसल्या. म्हणाल्या, आता बारा महिने होतं, ऋतूचं काही नाही. पण तुमच्या समाधानासाठी हिवाळाच धरलाय.

आई, तुझा पौष मला माहीत आहे. पौषात काही नवं करू नये. पण आपण सोयरीक जुळवत नाही की वास्तुशांत करत नाही. डोळा जुनाच आहे, नुसता पुसून घ्यायचा आहे. तुझ्या गुरुवारांना मी हात लावलेला नाही. शेवटच्या गुरुवारचं उद्यापन निवांत होऊ दे, सवाष्णी जेवू देत. पोरांना २५ डिसेंबरपासून नाताळची सुट्टी आहे. आम्ही चौघं त्याच दिवशी येवल्याला येतो, तीन-चार दिवस राहतो आणि तुम्हाला गाडीतूनच घेऊन येतो. एसटीची दगदग नाही, मनमाडचा जिना नाही. कोपरगाव, शिर्डी, नगर असं थांबत थांबत येऊ. दादांना दर दोन तासांनी उतरावं लागतं हे धरूनच वेळ काढलाय.

खरं सांगू का, मला ही तारीख घेताना बरं वाटलं नाही. येवल्याच्या माणसाला संक्रांतीला येवल्याबाहेर काढायचं म्हणजे वारकऱ्याला आषाढीला घरी बसवण्यासारखं आहे. आणि ते कुणी करावं? ज्याने गेल्या खेपेच्या आधीच्या दोन संक्रांती रजा मिळत नाही म्हणून पुण्यातच काढल्या, त्याने. तेव्हा तुम्ही अवाक्षर काढलं नाहीत. फक्त कर झाल्यावर फोन करून म्हणालात, "वारा चांगला होता रे."

गेल्या वर्षी आलो, म्हणून तर दिसलं. गच्चीवर आपण सगळे. खाली गल्लीत हलकडी वाजतेय, वर आभाळ पतंगांनी गच्च भरलेलं. तुमच्या हातात दोरा, चिंगीच्या हातात तो गुंडाळलेली आसारी. तुम्ही वाकून तिला हळूच विचारलंत, "आपली कोणती गं?" तिला वाटलं आजोबा खेळतायत. तिने भलतीच लाल दाखवली. तुम्ही "हां हां" म्हणालात आणि नुसत्या बोटांवर खेळत राहिलात. दोरा ताणला की कळायचं, सैल पडला की कळायचं. तशा दोन काटल्यातही. सगळे ओरडले, मीही ओरडलो. पण मला ते "आपली कोणती गं" ऐकू गेलं होतं.

आणि त्याच्याही आधी, तीन वर्षांपूर्वी, मनमाडच्या फलाटावर तुम्ही मला गाडीची पाटी वाचायला सांगितली होती. मी म्हटलं, नंबर वाढला असेल, चष्मा बदला. तेवढं बोलून चहा आणायला गेलो. तिथेच धरून आणायला हवं होतं तुम्हाला. ते माझं चुकलं. त्याची भरपाई ही अशी तुमच्या संक्रांतीतून करतोय, हे मला कळतंय.

आई, आता पुढचा परिच्छेद मनातल्या मनात वाच. (दादा, आई मध्येच गप्प झाली तर विचारू नका, सुनेचा निरोप आहे.)

पैठणीच्या पदरातल्या मोराचं मला कळलंय. गळ्याला रामा रंग भरायचा, तिथे मोरपंखी भरला गेला. दादा बाजारात गेल्यावर तू चार बोटं विणकाम उकललंस, रेशमाच्या तिल्ल्या बदलून पुन्हा भरलंस, आणि ते परत यायच्या आत भाकऱ्या थापायला बसलीस. हे तू सुनेला सांगितलंस, तिने मला. मी कुणाला सांगणार नाही. पण बाईंनी मला समजावलं तेव्हा पहिल्यांदा तेच आठवलं. मोतीबिंदूने नुसतं धूसर होत नाही. भिंग पिवळं पडतं, पांढरं मळकट दिसतं, निळे-हिरवे रंग विझतात. माणसाला वाटतं रंगच तसा आहे. त्यांचा हात चुकला नव्हता गं. हात तसाच आहे.

हां, आता मोठ्याने.

ऑपरेशन म्हणाल तर काही नाही. डोळ्यात थेंब घालून बधिर करतात, अर्धा तासही लागत नाही, त्याच दिवशी घरी. डोळा दाबल्यासारखा वाटेल, पाणी येईल, एक-दोन दिवस खुपेल. त्यानंतर महिनाभर ड्रॉप, ते वेळच्या वेळी घालायची नेमणूक चिंगीची झाली आहे. भिंतीवर तक्ता लावलाय तिने, त्यात आजोबांचं चित्र काढलंय, मिश्या तुमच्यापेक्षा मोठ्या. दुसऱ्या डोळ्याचं पहिला नीट बसल्यावर बघू. गुढी तुम्ही आपल्याच दारात उभारा, तिथवर मी अडवत नाही.

पैशाचं दोघांनीही काढायचं नाही.

इथे अडचण काही होणार नाही. पूर्वेची खोली तुमची. बाल्कनीत साडेदहापर्यंत ऊन असतं, तिथे दादांची खुर्ची. पहाटे साडेपाचला चहा लागतो, मी तसाही उठतो. (उठत नाही, पण उठेन.) बाथरूममध्ये धरायला दांडी बसवून घेतली आहे, गीझर आहे, आई, बंब पेटवायची तुझी हौस मात्र इथे भागणार नाही. खालीच गिरणी आहे, बाजरी तुझ्या डोळ्यांदेखत दळून मिळेल. भोगीचं खेंगट इथेच करू. सोलाणे, पावटा, गाजर, वांगी, बोरं, उसाचे करवे, सगळं मंडईत मिळतं. तिळाची भाकरी तूच थाप. सूनबाई म्हणते, तिची कडेला फाटते आणि मग मी तोंड वाकडं करतो. मी करत नाही. शेजारच्या दोन बायका आत्ताच विचारून गेल्या, सासूबाई हळदीकुंकवाला आहेत ना?

आता काही गोष्टी ऐकायच्याच आहेत. सहानंतर लुना काढायची नाही. लाल कांदा सुरू झालाय, मार्केटला जाणारे ट्रॅक्टर रस्त्यात उभे असतात, मागे दिवा नसतो, समोरून गाडी आली की तुम्हाला नुसता प्रकाशाचा गोळा दिसतो. परवा ट्रॉली हातभर राहिली होती, हे मला कळलंय. कुणी सांगितलं ते विचारू नका. साखर पुढच्या आठवड्यात तपासा, उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची, दोन्ही. रक्त पातळ करायची गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, ते बाईंना विचारून मी कळवतो. दुकानदाराने दिलेला ड्रॉप घालणं आजपासून बंद. तिळाची वडी एक, दोन नाही. आई, सगळे कागद लाल पिशवीत, जुना चष्माही. कानटोपी घे. गोधडी घे, इथल्या ब्लँकेटमध्ये दादांना झोप लागत नाही. मागावर काय झाकायचं, ताण्याचं काय करायचं, ते दादांनी बघावं, त्यात मी बोलत नाही.

लिहिताना एक आठवलं. मी दुसरीत असेन. तुम्ही खुंट्यांना सूत बांधून मांजा सुतत होता आणि काचेची भुकटी माझ्या डोळ्यात गेली. मी बोंबलत होतो. तुम्ही आधी पाणी मारलंत, मग उपरण्याचा बोळा केलात, तोंडाजवळ धरून फुंकून फुंकून ऊन केलात आणि माझ्या डोळ्यावर टेकवलात. कितीतरी वेळ. बोटं तुमची कापलेली, सरसाचा वास. बाहेर सगळ्या गच्च्यांवर पतंगी चढल्या होत्या आणि तुम्ही खाली ओट्यावर मला मांडीवर घेऊन बसला होता. ती संक्रांत तुमची माझ्यापायी गेली होती. तुम्हाला आठवतही नसेल.

पिशवीत सगळ्यात खाली, धोतरांच्या घडीत, आसारी घालाल हे मी ओळखून आहे. घाला. आमच्या सोसायटीची गच्ची मोठी आहे, पण तुम्हाला वर येता येणार नाही, धूळ आणि वारा इतक्यात नको. बाल्कनीत काळा चष्मा लावून बसायचं. समोरच्या मैदानात चिंगी उडवेल, आसारी मी धरेन. दोरा साधा सुती. ढील कधी द्यायची ते वरून ओरडून सांगा. पतंग कोणत्या रंगाचा आहे ते आम्ही तुम्हाला आधी सांगणार नाही.

तुमचा,
बाळू

ता. क. आई, उत्तर दादांना लिहू दे. ओळी वाकड्या गेल्या तरी चालतील.