सत्तरीपुढच्या पोटाबद्दल, गावी प्रॅक्टिस करणाऱ्या मित्रास

परळ, मुंबई

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं, त्यातल्या आजींबद्दलही वाचलं. ‘गॅस धरलाय, दोन घास गेले की पुरे होतं’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्या सत्तरीपुढच्या माणसांपैकी कोणाला पँटोप्राझोल देऊन घरी पाठवावं आणि कोणाला मुंबईची गाडी दाखवावी, असं विचारलंयस. या वयातले पोटाचे दुर्मीळ आजार निसटतात त्याचं मोठं कारण मला चिठ्ठीत दिसतं. ‘ॲसिडिटी, स्कोपी करावी’ एवढंच लिहिलं की दुर्बीण घालणाराही अल्सर आणि गाठ शोधतो, त्या नाहीत म्हणून नॉर्मल लिहितो. कुठे बघायचं ते तूच सांगितलंस तर निम्मं काम तुझ्या दवाखान्यातच होतं.

त्याआधी एक. वरच्या पोटात दुखणाऱ्या म्हाताऱ्या पेशंटचा पहिला ईसीजी काढ. हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका या वयात नुसती मळमळ आणि पोटदुखी घेऊन येतो. आणि पोट मऊ लागलं म्हणून निर्धास्त होऊ नकोस. म्हातारपणी पोटाचे स्नायू पातळ होतात, आत भोक पडलं तरी पोट कडक होईलच असं नाही. बरेचदा ताप येत नाही, पांढऱ्या पेशी वाढत नाहीत, नाडी मंद ठेवणारं बीटा ब्लॉकर चालू असेल तर नाडीही वाढत नाही.

आता जठराला पीळ पडणं, म्हणजे गॅस्ट्रिक व्हॉल्व्ह्युलस. छाती आणि पोटामधल्या पडद्याचं, अन्ननलिका जाते ते भोक वयानं सैल होतं, जठर छातीत सरकतं आणि स्वतःभोवती फिरतं. पीळ 180 अंशांच्या पुढे गेला की वाट बंद होते. बोर्शार्ट यानं 1904 साली सांगितलेली तीन लक्षणं आजही तशीच उपयोगी आहेत: वरच्या पोटात एकदम जोराची कळ, उमासे भरपूर पण बाहेर काहीच पडत नाही, आणि राइल्स ट्यूब, म्हणजे नाकातून जठरात घालायची नळी, आत जात नाही. ट्यूब अडली तर जोर लावू नकोस, ताणलेलं जठर तिथंच फाटू शकतं. हलक्या हातानं गेली तर उत्तम. आतली हवा आणि पाणी निघालं की कळ निम्मी होते आणि प्रवासाला वेळ मिळतो. पेशंटला सपाट झोपवू नकोस, डोकं उंच ठेव. छातीचा एक्स-रे उभ्यानं काढ, समोरून आणि बाजूनंही. हृदयाच्या मागे हवा-पाण्याची आडवी रेघ दिसली की निदान जवळजवळ झालंच, उरलेलं सीटी सांगतो.

तुला जास्त भेटेल तो याचाच जुनाट प्रकार. जेवल्यावर छातीत दडपण, थोडी धाप, ढेकर अडकल्यासारखी वाटते, तासाभरात सगळं मोकळं. पेशंट हळूहळू जेवण कमी करतो आणि वजन उतरतं. घरचे म्हणतात वयामुळे. हृदयाच्या तपासण्या नॉर्मल येतात आणि फाइल जाड होत जाते. अशा माणसाचाही तोच एक्स-रे काढ. उपचारात जठर खाली ओढून, पडद्याचं भोक शिवून, जठर पोटाच्या भिंतीला टाचून ठेवतात. आता हे बहुधा लॅपरोस्कोपीनं होतं. भूल झेपणार नाही अशा पेशंटमध्ये दुर्बिणीनं पीळ सोडवून दोन ठिकाणी पेग ट्यूब (पोटाच्या भिंतीतून जठरात जाणारी नळी) घालतात, म्हणजे जठर पुन्हा फिरत नाही. जठराचा रक्तपुरवठा तुटला असेल तर मात्र ऑपरेशनच, तिथं दुर्बिणीनं खटपट करू नये.

याच सरकलेल्या जठरात, म्हणजे हायटस हर्नियात, पडद्याच्या वळीवर बारीक उभे ओरखडे पडतात. त्यांना कॅमरन लीजन म्हणतात, 1986 साली त्यांचं वर्णन झालं. रक्त थेंबाथेंबानं जातं, हिमोग्लोबिन 6-7 वर येतं, कोलोनोस्कोपी नॉर्मल. दुर्बीण जठरात उलटी वळवून ती वळी मुद्दाम पाहिली तरच हे दिसतात. म्हणून चिठ्ठीत लिही: ‘लोह कमी, मोठा हायटस हर्निया, कॅमरन लीजन पाहावे.’ लोह आणि पीपीआयवर, म्हणजे पँटोप्राझोलसारख्या ॲसिड कमी करणाऱ्या गोळ्यांवर, बरेच जण सावरतात.

रक्त कमी होण्याचं दुसरं कारण गेव्ह (GAVE), म्हणजे जठराच्या खालच्या भागातल्या केशवाहिन्या फुगणं. बहुतेक बायका, सत्तरीच्या आसपासच्या. काहींना लिव्हर सिरोसिस, किडनीचा आजार किंवा स्क्लेरोडर्मा. तिथं लाल पट्टे पायलोरसकडे (जठराच्या बाहेरच्या तोंडाकडे) जमा होत जातात, कलिंगडाच्या सालीवरच्या पट्ट्यांसारखे. घाईत पाहणारा याला गॅस्ट्रायटिस म्हणून मोकळा होतो आणि पेशंट वर्षभर पीपीआय घेत राहतो. त्याचा इथं काही उपयोग नाही, कारण दोष ॲसिडचा नसून फुगलेल्या केशवाहिन्यांचा आहे. उपचार आर्गॉन प्लाझ्मा, म्हणजे आर्गॉन वायूतून वीज सोडून त्या वाहिन्या जाळणं: साधारण 40 ते 60 वॅट, वायू मिनिटाला 1 ते 2 लिटर, टोक भिंतीला न टेकवता थोडं वर धरून पट्ट्यांवरून फिरवायचं. लाल जागा पांढरट होते, तेवढं पुरे. आर्गॉननं पोट फुगत जातं, तो मधूनमधून ओढून घ्यावा लागतो. हे विसरलं की पेशंट कळवळतो. एका बैठकीत संपत नाही. चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा, बहुधा तीन-चार वेळा. त्यानं नाही भागलं तर बँड लावतात. घरच्यांना हे आधीच समजावून दे, नाहीतर पहिल्या बैठकीनंतर पेशंट परत येत नाही आणि सहा महिन्यांनी पुन्हा रक्त चढवायची वेळ येते.

रक्त द्यायचं ते हिमोग्लोबिन 7 च्या खाली गेल्यावर, हृदयविकार असेल तर 8 च्या. एका वेळी एकच पिशवी, तीन-चार तासांत. घाईनं दोन चढवल्या की फुप्फुसात पाणी भरतं. लोहाची गोळी एक दिवसाआड दिली तरी चालते, पोट कमी बिघडतं. महिन्यात हिमोग्लोबिन हललं नाही तर शिरेतून दे, आणि वजन पन्नास किलोच्या खाली असेल तर डोस वजनावर मोज. लोहानंही शी काळी होते, पण ती घट्ट असते. रक्ताची चिकट, चकचकीत आणि उग्र वासाची. बोटानं तपासल्याशिवाय हा फरक ठरवू नकोस.

एकदम भडाभडा रक्ताची उलटी, आणि दुर्बिणीत अल्सर नाही, काहीच नाही, असं झालं तर द्यूलाफॉय नावाचा दोष मनात ठेव. अन्ननलिका जठराला मिळते तिथून सहा सेंटिमीटरच्या आत, जठरात, एखादी जाड धमनी आवरणाखाली येऊन फुटते. रक्त थांबलं की खूण राहत नाही. ‘नॉर्मल’ रिपोर्टवर घरी न पाठवता पुन्हा रक्त आल्याबरोबर परत दुर्बीण घालावी लागते. क्लिप लावली की काम होतं.

उलट्यांमध्ये शिळं अन्न पडत असेल तर पुढची वाट बंद आहे. कॅन्सर आणि अल्सर आहेतच, पण दोन गोष्टी आणखी. जुना मधुमेह, दात नाहीत, पूर्वी जठराचं ऑपरेशन झालंय, अशा माणसात चोथ्याचा गोळा अडकतो. कोका-कोला 12 तासांत 3 लिटर नळीतून सोडून तो विरघळवतात; मधुमेहात साखरेविना असलेला घेतात. हार्ट फेल्युअर असेल तर एवढं पाणी झेपत नाही, मग दुर्बिणीनं तोडतात. अर्धवट सुटलेला तुकडा पुढे लहान आतड्यात अडकू शकतो, म्हणून दोन-तीन दिवस लक्ष हवं. दुसरी गोष्ट बुव्हेरे: पित्ताशयातला मोठा खडा आतड्यात उतरून ड्युओडिनम (लहान आतड्याची सुरुवात) बंद करतो. सोनोग्राफीत पित्तनलिकेत हवा दिसली तर सीटी लगेच करून घे.

अशा पेशंटला पाठवण्याआधी नॉर्मल सलाइन लाव, डेक्स्ट्रोज नको. उलट्यांनी क्लोराइड आणि पोटॅशियम दोन्ही गेलेलं असतं. लघवी होतेय हे पाहून 500 मिलीमध्ये पोटॅशियम क्लोराइडची 10 मिलीची एक अँप्यूल, म्हणजे 20 मिलिइक्विव्हॅलंट, घाल. ती बाटली दोन तासांच्या आत संपू देऊ नकोस. बरेच दिवस पोटात काही राहिलेलं नसेल तर ग्लुकोजच्या आधी थायामिन (व्हिटॅमिन बी1) निदान 100 मिग्रॅ. आणि पोट रिकामं न करता स्कोपी करायला लावू नकोस. अन्न श्वासनलिकेत गेलं की निदानाच्या आधी न्यूमोनिया होतो.

दुर्बिणीत हवा भरूनही जठर फुगत नाही आणि बायोप्सी मात्र चांगली, हा रिपोर्ट कधीच मान्य करू नकोस. लिनायटिस प्लॅस्टिका, म्हणजे जठराची भिंतच ताठ करणारा कॅन्सर, आवरणाखालून पसरतो, वरवरच्या तुकड्यात बरेचदा सापडत नाही. एकाच जागी बायोप्सीवर बायोप्सी घेऊन खोल जावं लागतं, किंवा एंडोस्कोपिक सोनोग्राफीतून सुई.

हृदयात स्टेंट बसवलेल्या पेशंटची क्लोपिडोग्रेल (रक्त पातळ ठेवणारी गोळी) तपासणीसाठी परस्पर बंद करू नकोस. नुसती स्कोपी आणि बायोप्सी ती चालू असताना होते. चिठ्ठीत औषधांची यादी, किती महिन्यांत किती किलो वजन उतरलं, हिमोग्लोबिन कधी किती होतं, आणि तुझा संशय काय, एवढं स्पष्ट लिही. जुन्या स्कोपीचे फोटो आणि बायोप्सीचे ब्लॉक सोबत दे, नुसते रिपोर्ट नकोत. केईएमला यायचं असेल तर सकाळी लवकर केसपेपर काढायला सांग, सरकारी आरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड आणि आधार मूळ प्रतीत आणायला सांग. सोबत औषधं देणारा माणूस हवा, नुसता सोबतीला आलेला शेजारी नको.

तू लिहिलेल्या त्या आजींचा बाजूनं काढलेला एक्स-रे अजून झालेला दिसत नाही. तो या आठवड्यात करून घे आणि फोटो मला मोबाइलवर पाठव.

वहिनींना नमस्कार.

तुझाच,
जुना वर्गमित्र