रंगकामाला गाडी देण्याआधी हे वाचा

नमस्कार मंडळी,

पावसाळा संपला की आपल्यातल्या तीन-चार जुन्या गाड्या रंगायला जाणार आहेत. कळकळीची विनंती आहे, पत्रा उघडा करण्याआधी कंपनीचा मूळ रंग शोधून ठेवा. एकदा खरवडला की तो पुरावा कायमचा गेला.

शेड बोनेटवरून घेऊ नका, उन्हाने तो उडालेला असतो. डॅशबोर्डच्या आतली बाजू, दाराच्या रबराखाली, डिकीत स्टेपनीखाली बघा. माझ्या १९६८ च्या फियाट डिलाइटच्या दारावर रुपयाएवढ्या जागेत हजार नंबरचा वॉटर पेपर (पाण्यात वापरायचा बारीक पॉलिश पेपर) भिजवून हलक्या हाताने फिरवला. आधी पांढरा, मग लांबीचा, म्हणजे खड्डे भरायच्या पुट्टीचा, पिवळट थर, मग मरून आणि तळाशी, प्रायमरच्या लगेच वर, फिकट हिरवा! इतकी वर्षं घरात सगळे तिला मरूनच समजत होते. त्या गोलाचा फोटो सावलीत, दिवसाउजेडी काढा आणि डिकीतला हातभर भाग तसाच राखून ठेवा.

कोरडं घासू नका. जुन्या रंगात शिसं असू शकतं, मास्क हवाच.

पेंटरला स्पष्ट सांगा, वरून क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक चकचकीत थर, नको. मुंबईत कुर्ल्याच्या फियाट कारखान्यातून त्या काळी निघालेल्या साध्या रंगांवर तो नव्हता, आणि आजची काचेसारखी चकाकी त्या गाडीला शोभत नाही.

आरसीवर वेगळा रंग लिहिलेला असेल तर आरटीओत नोंद बदलून घ्या.