गांधाराचं भांडण सोडवणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आम्ही ती बातमी चार ग्रुपवर पाठवून मोकळे झालो होतो. सांगलीच्या विश्रामबागेतून मिरजेच्या सतारमेकर गल्लीत यायला मात्र आजीचा तंबोरा बोलेनासा व्हावा लागला. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर तारांनी खाचा पाडल्या होत्या. तुम्ही कानस फिरवली, तारेखालचा दोरा केसभर सरकवला आणि जवारी, म्हणजे तारेचा तो झंकार, अशी खुलली की आम्ही तिघं बघतच राहिलो. त्याचे पैसे तुम्ही घेतलेत. हे पत्र त्यानंतरच्या संध्याकाळबद्दल आहे.

आम्ही गाणं रेकॉर्ड करतो ती आमची खोली तुम्ही पाहिलीत. भिंतींना गोधड्या, पंखा बंद, घामाच्या धारा, आणि टेक चांगला जमला की नेमकी रेल्वेची शिट्टी. ते सगळं निभत होतं. पण गिटार आणि बासरी एकत्र आली की कानाला काहीतरी टोचायचं. खापर आम्ही बासरीवाल्यावर फोडलं. बिचाऱ्यानं एकच ओळ बावीस वेळा वाजवली. मिक्सिंगमध्ये 80 हर्ट्झखालचं सगळं कापून पाहिलं, रिव्हर्ब, म्हणजे आवाजाचा घुमारा, वाढवला, पुन्हा काढला. टोचणं तसंच.

तुम्ही हेडफोन टेलिफोनसारखा एका कानाला धरलात, डोळे मिटलेत आणि म्हणालात, "बासरीला कशाला बोलताय? गिटारचं आन् तंबोऱ्याचं पटंना झालंय."

तंबोऱ्याच्या खर्जाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या सा च्या, तारेतून आपसूक उमटणारा गांधार (ग) गिटारच्या गांधारापेक्षा सुमारे 14 सेंट उतरलेला असतो, म्हणजे अर्ध्या स्वराचा जेमतेम सातवा हिस्सा. बासरीवाला तंबोऱ्याला कान लावून वाजवत होता, म्हणजे तोच बरोबर होता! गिटारवाल्यानं कॉर्डमधला गांधार सोडून नुसता सा-प धरला आणि दुसऱ्याच टेकला ओळ बसली. बासरीवाल्याला कबूल केलेली मिसळ अजून आमच्याकडे बाकी आहे.

जवारीच्या कौतुकात आम्ही मिक्समध्ये तंबोरा सगळ्यांच्या पुढे आणून बसवला होता. "मागं घ्या, अजून मागं" करत तुम्ही तो पार बासरीच्या पाठीशी नेलात. तेव्हा मनातून राग आला होता, खोटं कशाला सांगू.

गाणं तयार आहे, 4 मिनिटं 10 सेकंदांचं. फोनवर मुद्दाम पाठवलं नाही, त्या इवल्याशा स्पीकरात खर्ज पार मरतो. रविवारी हेडफोन घेऊन येतो. दोरा परत सरकलाय, तेव्हा तंबोराही सोबत आणतो.

तुमची,
विश्रामबागेतली तिघं