तक्रार: ‘मर्यादेत’ असा शेरा, पण नोंदींवरून ते सिद्ध होत नाही

प्रति,
विभाग प्रमुख,
पाणी गुणवत्ता व परवाना अनुपालन

विषय: पुनर्वापराच्या पाण्याचा त्रैमासिक गुणवत्ता अहवाल, मीटरच्या नोंदी व नमुना-पद्धतीतील त्रुटी

महोदय / महोदया,

आपण जोडणीधारकांना पाठवलेल्या अहवालात गढूळपणा, क्लोरीन आणि कोलिफॉर्म (दूषिततेची खूण मानले जाणारे जिवाणू) या तिन्ही रकान्यांत ‘मर्यादेत’ असा शेरा आहे. पाणी खराब होते असे आमचे म्हणणे नाही. ते चांगले होते हे परिशिष्टातल्या नोंदींवरून ठरवता येत नाही, ही आमची तक्रार आहे.

आधी गढूळपणा. परवान्याप्रमाणे 24 तासांची सरासरी 2 एनटीयूपेक्षा (एनटीयू हे गढूळपणाचे एकक) जास्त नको, 24 तासांत 5 एनटीयूच्या वर 5 टक्क्यांहून, म्हणजे 72 मिनिटांहून अधिक वेळ नको, आणि 10 एनटीयूच्या वर तर कधीच नको. परिशिष्टात तीन वेगवेगळ्या दिवशी आकडा नेमका 5.00 वर जातो, तिथेच सपाट राहतो आणि मग उतरतो. पाणी असे वागत नाही. मीटरचा 4 ते 20 मिलिअँपिअरचा सिग्नल 0 ते 5 एनटीयू या पल्ल्यावर बसवला, की 20 मिलिअँपिअरच्या पुढचे पीएलसीला (सिग्नल वाचणाऱ्या नियंत्रक संगणकाला) दिसत नाही; पाणी 6 असो वा 16, नोंद 5.00 चीच. त्यामुळे 10 ची अट पाळली की मोडली हे आपल्यालाही सांगता येणार नाही. शिवाय 5.00 हा आकडा ‘5 च्या वर’ नसल्याने ती मिनिटे 72 मिनिटांच्या हिशेबातूनही निसटली आहेत. पल्ला मीटर आणि पीएलसी दोन्हीकडे किमान 0 ते 20 करावा. एकाच बाजूला बदलला तर सगळेच आकडे चुकतील.

याच परिशिष्टात आणखी एका दिवशी 0.31 हा आकडा सलग 19 तास हललेला नाही. चालू मीटरचा शेवटचा अंक सतत थोडा थरथरतो, आणि बॅकवॉशनंतर (उलट्या प्रवाहाने धुतल्यावर) फिल्टर पुन्हा सुरू झाला की आलेखात छोटा उंचवटा दिसतो. इथे दोन्ही नाही. कॅलिब्रेशननंतर मीटर ‘होल्ड’वरच (आकडा गोठवलेल्या स्थितीत) राहिला असावा किंवा नमुना-नळी तुंबून मीटरच्या मोजणी-पेशीत साचलेले पाणी मोजले गेले असावे. मीटर बंद पडल्यास परवाना 24 तासांपर्यंत हाताने घेतलेले नमुने चालवून घेतो, पण ते किमान दर 1.2 तासाला हवेत. तसा एकही नमुना नोंदलेला नाही. तरीही ते 19 तास ‘मर्यादेत’ धरले आहेत.

क्लोरीनच्या बाबतीत संपर्कमूल्य (शिल्लक क्लोरीन गुणिले संपर्ककाळ) 450 मिलिग्रॅम-मिनिट प्रति लिटर हवे, आणि त्यातला संपर्ककाळ कमाल प्रवाहाला किमान 90 मिनिटे. आपण टाकीचे घनफळ भागिले सरासरी प्रवाह असा काळ धरला आहे. टाकीतले सगळे पाणी सारखा वेळ थांबत नाही. काही सरळ वाट काढून लवकर बाहेर पडते. म्हणून हा काळ रंगद्रव्य किंवा क्षार सोडून केलेल्या ट्रेसर चाचणीतूनच काढावा लागतो. त्या चाचणीचा उल्लेखही नाही. पहाटे क्लोरीनचा डोस वाढूनही अवशिष्ट क्लोरीन घसरलेले दिसते. नायट्रिफिकेशन (जिवाणूंकरवी अमोनियाचे आधी नायट्राइट, मग नायट्रेट होणे) अर्धवट राहिले तर असे होते: 1 मिलिग्रॅम नायट्राइट-नायट्रोजन सुमारे 5 मिलिग्रॅम क्लोरीन खातो. नायट्राइट मोजलेच नसेल, तर ऑपरेटर बिचारा डोसच वाढवत बसणार.

कोलिफॉर्मचा नमुना रोज सकाळी कमी प्रवाहाच्या वेळी घेतला आहे. निर्जंतुकीकरणाची खरी कसोटी कमाल प्रवाहात असते. बाटलीत क्लोरीन निष्प्रभ करणारे सोडियम थायोसल्फेट होते का, याची नोंद नाही. ते नसेल तर प्रयोगशाळेपर्यंतच्या प्रवासात क्लोरीन जिवाणू मारत राहते आणि निकाल फुकटचा चांगला येतो. परवान्यातली 100 मिलिलिटरमागे 2.2 कोलिफॉर्मची मर्यादा शेवटच्या सात दिवसांच्या मध्यकाला लागू आहे. अहवालात मात्र महिन्याचा मध्यक आहे. एखादा वाईट आठवडा त्यात सहज बुडतो.

पंधरा दिवसांत पुढील गोष्टी मिळाव्यात: गढूळपणा व क्लोरीन मीटरच्या मिनिटागणिक मूळ नोंदी, सरासरी न काढता, मीटरची कॅलिब्रेशन वही, पल्ल्याच्या सेटिंगचे छायाचित्र, ट्रेसर चाचणीचा अहवाल, नमुन्यांच्या हस्तांतर पावत्या, त्यात घेतल्याची व उबवणीत ठेवल्याची वेळ, आणि आकडा 5.00 वर अडकलेल्या त्या तीन दिवशी खराब पाणी दुसरीकडे वळवणारा व्हॉल्व्ह उघडला होता का, त्याची नोंद. व्हॉल्व्ह उघडला नसेल तर ते पाणी जोडण्यांत आले आहे, आणि तसे नियामकाला कधी कळवले ते तारखेसह लिहावे.

नमुना सध्या फक्त प्रकल्पाच्या तोंडाशी घेतला जातो. जलवाहिनीत क्लोरीन उतरत जाते, म्हणून शेवटच्या जोडणीपाशीही नमुना-नळ बसवावा. सुधारित अहवाल येईपर्यंत या तिमाहीचा ‘मर्यादेत’ हा शेरा मागे घ्यावा. पत्राची प्रत नियामकाकडे पाठवत आहोत.

आपले,
पुनर्वापर पाणी जोडणीधारक

सोबत: परिशिष्टातील चार दिवसांच्या आलेखांच्या खुणा केलेल्या प्रती